कुटुंब कोणास म्हणावे?

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



‘घरोघरी मातीच्या चुली’ असे म्हणून मराठी माणूस संसाराच्या साऱ्या कहाण्या एका ओळीत मिटवून टाकतो. म्हणीचा हेतू सांत्वनाचा आहे. आपल्या घरी जे आहे तेच शेजारी आहे, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नये, असे ती सांगते. परंतु गेल्या शतकात काही अभ्यासक खरोखरच घरोघरी गेले. त्यांनी ओसरीवर बसून, माजघरात बसून माणसांना विचारले, ‘तुमच्या कुटुंबात कोण कोण आहेत?’ प्रश्न बालबोध होता. उत्तरे मात्र इतकी निरनिराळी आली, की सर्वांच्या चुली सारख्याच असतात हा समज टिकू शकला नाही. त्या उत्तरांचा मागोवा घेणे आणि त्यातून आजच्या घरांनी काय शिकावे याचा विचार करणे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

आरंभी शब्दाकडेच पाहू. ‘कुटुंब’ हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. पण दोन-तीन पिढ्यांपूर्वी एखादा गृहस्थ ‘आमचे कुटुंब माहेरी गेले आहे’ असे म्हणाला, तर त्याचा अर्थ त्याची पत्नी माहेरी गेली आहे, एवढाच असे. ‘मंडळी’ या शब्दाचीही तीच कथा. मोठ्या एकत्र घराला ‘खटले’ म्हणत. शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत मांडलेल्या संसाराला ‘बिऱ्हाड’ म्हणत. रक्ताच्या पुरुषवंशाला ‘भावकी’ आणि लग्नसंबंधाने जोडलेल्यांना ‘सगेसोयरे’ म्हणत. एकाच भाषेत एवढे शब्द असावेत, याचा अर्थ लोकांच्या मनात कुटुंबाची एकच एक आकृती कधीच नव्हती. ज्याला जे कुटुंब वाटले, त्याला त्याने तसे नाव दिले.

दोन घरांची कन्या

हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर विचारला, त्यांत अग्रभागी नाव घ्यावे लागते ते डॉ. इरावती कर्वे यांचे. त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंजान येथे झाला. तेथील ऐरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. वयाच्या सातव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना पुण्यास हुजूरपागेत पाठविण्यात आले. पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी त्या वाढल्या. तेथे त्या पाहुण्या नव्हत्या, लेकच होत्या. जन्माचे घर कर्मारकरांचे आणि वाढीचे घर परांजप्यांचे. विवाहानंतर त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या स्नुषा झाल्या. कुटुंब हे केवळ जन्माने ठरते की संगोपनानेही ठरते, हा प्रश्न त्यांना पुस्तकातून कळावयाचा नव्हता. तो त्यांनी बालपणीच अनुभवला होता.

मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी एम.ए. केले आणि बर्लिन येथे मानवशास्त्राची डॉक्टरेट मिळविली. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. तेथून त्यांनी भारतभर प्रवास केला. कोठे लोकांची शारीरिक मोजमापे घेतली, कोठे त्यांच्याशी बोलून नात्यांचे शब्द गोळा केले. वडिलांच्या भावाला काय म्हणता, आईच्या भावाला काय म्हणता, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी बोलता की नाही, लेक कोठे देता आणि सून कोठून आणता, असे साधे प्रश्न होते. या शोधाचे फळ म्हणजे १९५३ साली प्रसिद्ध झालेला भारतातील आप्तसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ. आजही हा विषय शिकताना त्या ग्रंथापासूनच आरंभ करावा लागतो.

त्यांच्या ‘परिपूर्ती’ या लेखसंग्रहाचे नाव ज्या लेखावरून पडले, तो लेख मराठी वाचकांना परिचित आहे. एका कार्यक्रमात लेखिकेची ओळख थोर समाजसुधारकाची सून, विद्वान पतीची पत्नी अशी करून देण्यात येते, पण त्या ओळखीत काही उणे राहिल्यासारखे तिला वाटत राहते. पुढे रस्त्याने जाताना शाळकरी मुलांपैकी एक जण दुसऱ्याला सांगतो, की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. तेव्हा ती ओळख पूर्ण होते. सभागृहातील वक्त्याने सांगितलेले नाते आणि रस्त्यातील मुलाने सांगितलेले नाते, दोन्ही खरीच. पण ज्याने त्याने आपापल्या जागेवरून पाहिले. कुटुंबाची व्याख्या कोण करतो, यावर ती व्याख्या अवलंबून असते, हे सत्य या लहानशा प्रसंगात सामावले आहे.

एक चूल, एक छप्पर

इरावतीबाईंनी एकत्र कुटुंबाची जी लक्षणे सांगितली, ती थोडक्यात अशी: माणसे सामान्यतः एका छपराखाली राहतात, एका चुलीवरचे अन्न खातात, मालमत्ता समाईक असते, देवपूजा व कुलाचार समाईक असतात आणि ती परस्परांशी विशिष्ट नात्याने बांधलेली असतात. छप्पर, चूल, मालमत्ता, पूजा आणि नाते, या पाच गोष्टी ज्याच्या घरी होत्या, त्याला आपले घर या वर्णनात ओळखू येई.

परंतु त्याच ग्रंथात त्यांनी भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग पाडले आणि दाखवून दिले, की ‘नाते’ हा शब्द प्रत्येक विभागात वेगळे बोलतो. उत्तरेत लेक दूरच्या आणि अनोळखी गावी देण्याची रीत. गावची लेक आणि गावची सून यांचे वागणे निराळे. लेक उघड्या डोक्याने गावात फिरेल, सून घुंघटाआड राहील. दक्षिणेत मात्र मामाच्या किंवा आत्याच्या घरी लेक देणे हेच इष्ट मानलेले. तेथे सासर परके नसते. सासूच्या हातचे जेवण लग्नापूर्वीही ती जेवलेली असते.

महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर आहे आणि ही सीमा मराठीच्या शब्दांतही दिसते. जुन्या घरांतील सून सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणे आणि सासूबाईंना ‘आत्याबाई’. त्या घरात मामा-भाचीचे किंवा आत्या-भाचीचे रक्ताचे नाते असो वा नसो, संबोधन तेच. दक्षिणेकडील चालीची खूण भाषेने जपून ठेवली. समाजाच्या कोणत्याही मोठ्या कार्यक्रमाकडे पाहिले तर ही सीमा एकाच मांडवात दिसते. गुजराती व राजस्थानी मूळ असलेल्या घरांत मामाची मुलगी ही बहीण, तिच्याशी विवाह ही कल्पनाच असह्य. दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकातील घरांत मात्र मामाच्या मुलीला मागणी घालण्याची चाल पूर्वापार चालत आली. धर्म एक, पण ‘बहीण कोण?’ या प्रश्नाची उत्तरे दोन.

याहूनही विलक्षण उदाहरण तुळुनाडचे. मंगळूर, मुडबिद्री, कारकळ या परिसरातील बंट समाजाप्रमाणे तेथील अनेक जैन घराण्यांतही ‘अळियसंतान’ पद्धत होती. ‘अळिय’ म्हणजे भाचा. तेथे वंश आईकडून मोजला जाई आणि घराची मालमत्ता मुलाकडे न जाता बहिणीच्या संततीकडे जाई. त्या घरातील पुरुषाला ‘तुमचे कुटुंब कोणते?’ असे विचारले असते, तर त्याने प्रथम आईचे, बहिणींचे आणि भाच्यांचे नाव घेतले असते. विसाव्या शतकातील कायद्यांनी ही पद्धत हळूहळू मागे पडली. तरी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात तिच्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी लागली होती. ज्यांना वाटते की मुलगा म्हणजे वंशाचा दिवा ही त्रिकालाबाधित गोष्ट आहे, त्यांनी स्वधर्मीयांच्याच या उदाहरणाचा विचार करावा.

स्वसमाजाचे असे निरीक्षण करण्याचे कार्य ज्यांनी केले, त्या डॉ. विलास संगवे यांचे स्मरण येथे केलेच पाहिजे. सोलापूर येथे १९२० साली जन्मलेल्या आणि कोल्हापूर ही कर्मभूमी मानलेल्या या समाजशास्त्रज्ञाचा जैन समाजाच्या सामाजिक पाहणीचा इंग्रजी ग्रंथ १९५९ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. पोटजाती, विवाहाच्या चाली, स्त्रियांचे स्थान, कुटुंबाची रचना अशा विषयांवर त्यांनी भावनेच्या भरात न लिहिता माहितीच्या आधारे लिहिले. समाजाची स्तुती करणारे पुष्कळ असतात. त्याची पाहणी करणारा एखादाच असतो आणि समाजाचे खरे हित त्याच्याच हातून होते.

महुव्याचा धडा

एका चुलीची व्याख्या सर्वांना मान्य झाली असे मात्र नाही. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा या गावी ४२३ घरांची पाहणी केली. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधित्व करणारे वीरचंद राघवजी गांधी ज्या गावी जन्मले, तेच हे महुवा. देसाई यांचे पुस्तक १९६४ साली आले. त्यांनी विचारले, की माणसे एका घरात राहतात की नाही एवढे पाहून एकत्र कुटुंब ठरविता येईल काय? थोरला भाऊ गावी दुकान पाहतो, धाकटा मुंबईस नोकरी करतो, तिसरा आफ्रिकेत व्यापार करतो. चुली तीन झाल्या. पण बहिणीच्या लग्नाचा खर्च तिघांनी मिळून केला, वडिलांच्या आजारपणात तिघेही धावले आणि गावच्या घरावरील हक्क कोणी वेगळा मागितला नाही. हे कुटुंब विभक्त म्हणावे की एकत्र?

देसाई यांचे उत्तर असे, की एकत्रपणा छपरात नसून परस्परांच्या हक्कांत व कर्तव्यांत असतो. वास्तव्याने विभक्त दिसणारी घरे महुव्यात पुष्कळ होती. मात्र आप्तांशी देण्याघेण्याचा, मालमत्तेचा वा कर्तव्याचा कोणताही धागा न उरलेली घरे अगदी थोडी निघाली. पुढे ए. एम. शहा यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात ‘घर’ आणि ‘कुटुंब’ यांत काटेकोर भेद केला पाहिजे, असे प्रतिपादन केले. एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्यांचा गट म्हणजे घर. कुटुंब त्याहून मोठे असू शकते आणि अनेक घरांत पसरलेले असू शकते.

हा भेद ध्यानात घेतला नाही की आकड्यांचा अर्थ चुकतो. जनगणनेत कुटुंबसंख्या मोजली जाते ती एका स्वयंपाकघराच्या आधारे. २०११ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे १२१ कोटी आणि अशी कुटुंबे सुमारे २४.९ कोटी होती. म्हणजे एका स्वयंपाकघरामागे सरासरी पाच माणसेही नव्हती. हा आकडा पाहून ‘कुटुंबसंस्था मोडली’ असा शोक करणारे वक्ते पुष्कळ आढळतात. पण मोजल्या गेल्या त्या चुली. त्या चुलींना जोडणारे धागे कोणीच मोजले नाहीत. उलटपक्षी, एका छपराखाली दहा माणसे आहेत एवढ्यावरून तेथे कुटुंब नांदते, असेही म्हणता येत नाही. एकाच माजघरात राहून वर्षानुवर्षे अबोला धरलेले सख्खे भाऊ कोणत्या गावात नसतात?

मनातील अंतरे

बंगळूर शहरात कॅनडाच्या एलिन रॉस या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने १५७ मध्यमवर्गीय व उच्चवर्गीय हिंदू स्त्री-पुरुषांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचा ग्रंथ १९६१ चा. घरात कोण राहते एवढे विचारून त्या थांबल्या नाहीत. कोणत्या नात्यात जिव्हाळा अधिक, हेही त्यांनी जाणून घेतले. सर्वांत निकटचे नाते आई आणि मुलाचे निघाले. त्याखालोखाल भाऊ आणि बहीण. पती-पत्नीचे नाते या यादीत बरेच खाली होते. आजच्या तरुण दांपत्यांना हे वाचून आश्चर्य वाटेल, वडीलधाऱ्यांना कदाचित वाटणार नाही. ज्या घरात दिवसा नवरा-बायकोने चारचौघांत एकमेकांशी बोलणेही अमर्याद समजले जाई, तेथे जिव्हाळ्याला वाट मिळे ती आई-मुलाच्या आणि भाऊ-बहिणीच्या नात्यातूनच.

टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक आणि पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले डॉ. माधव सदाशिव गोरे यांनी दिल्ली व परिसरातील अगरवाल कुटुंबांची पाहणी केली. ती १९६८ साली ग्रंथरूपाने आली. शहरवास आणि शिक्षण यांनी विचारांत काही फरक पडतो, परंतु एकूण समूह अद्याप एकत्र कुटुंबाच्याच रीतीने वागतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. माणूस शहरात येतो, कपडे बदलतो, घरातील सामानसुमान बदलतो. मनात ‘आपले कोण’ याची जी यादी असते, ती मात्र फार सावकाश बदलते.

या सर्व पाहण्यांचा एकत्र विचार केला, म्हणजे एक गोष्ट ठळकपणे समोर येते. उत्तर कोणाला विचारले यावर फार काही अवलंबून असते. बहुधा प्रश्न विचारला जातो घरातील कर्त्या पुरुषाला. शिधापत्रिकेचा अर्ज तो भरतो, जनगणनेच्या कर्मचाऱ्याशी तो बोलतो, वंशावळ त्याच्याकडे असते. त्याला विचारले, तर तो आई-वडील, भाऊ, भावजया, मुले, नातवंडे यांची नावे सांगेल. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचे नाव बहुधा सांगणार नाही. ‘ती आता त्या घरची’ हे उत्तर तयार असते. तोच प्रश्न त्या बहिणीला विचारला, तर ती कदाचित क्षणभर थांबेल, कारण तिला दोन घरांची नावे घ्यावयाची असतात आणि दोन्ही घरे तिला दुसऱ्या घरची समजतात. तोच प्रश्न घरातील विधवा काकूला विचारला, तर ती काय सांगेल? आणि तो तिला कोणी विचारला आहे काय?

ज्यांना कोणी विचारले नाही

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. कुटुंबात कोणाची गणना होते, यावर डोक्यावरील छप्पर, ताटातील अन्न आणि म्हातारपणातील आधार अवलंबून असतो. या संदर्भात जैन समाजाच्या इतिहासातील एक घटना लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८७८ साली शिवसिंग राय विरुद्ध दाखो या खटल्याचा निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने दिला. वाद सरावगी अगरवाल जैन घराण्यातील विधवेच्या हक्कांचा होता. त्या काळी उत्तर भारतात प्रचलित असलेल्या हिंदू कायद्याप्रमाणे पतीच्या अनुमतीवाचून विधवेला दत्तक घेता येत नसे आणि पतीच्या मालमत्तेवर तिचा अधिकार केवळ हयातीपुरता असे. परंतु जैनांमध्ये चाल वेगळी आहे, असा दावा होता. ती चाल कोणत्या ग्रंथात आहे एवढेच पाहिले गेले नाही. ठिकठिकाणच्या जैन गृहस्थांच्या साक्षी नोंदविण्यात आल्या आणि तुमच्यात काय घडते, हे त्यांना विचारण्यात आले. त्या साक्षींच्या बळावर मान्य झाले, की निपुत्रिक जैन विधवा पतीच्या स्वार्जित मालमत्तेची पूर्ण स्वामिनी होते आणि पतीच्या वा भाऊबंदांच्या अनुमतीवाचून दत्तक घेऊ शकते.

त्या साक्षी देणाऱ्यांनी केलेल्या कार्याचे मोल मोठे आहे. ‘आमच्यात विधवा ही कुटुंबाच्या बाहेर पडत नाही, ती कुटुंब पुढे नेते’, असाच त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता. लोकांना प्रत्यक्ष विचारल्यामुळे एका स्त्रीचा हक्क प्रस्थापित झाला. न विचारता सर्वांना एकच नियम लावला असता, तर तो बुडाला असता.

मुलींच्या बाबतीत मात्र उत्तर येण्यास फार विलंब लागला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, जो जैनांनाही लागू आहे, मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वारसा दिला. परंतु वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मसिद्ध सहदायाद मुलगाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी विवाह न झालेल्या मुलींना हा हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभरातील मुलींना, विवाहित असोत वा अविवाहित, मिळाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हा हक्क जन्माने प्राप्त होतो आणि २००५ च्या त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. इरावतीबाईंचे निधन ११ ऑगस्ट १९७० रोजी झाले होते. नात्यांचा अर्थ शोधण्यात आयुष्य वेचणाऱ्या या विदुषीच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षे पूर्ण झाली, हा केवळ योगायोग, पण तो मनात राहतो.

कायद्याने उत्तर दिले, तथापि घराने ते स्वीकारले आहे काय? वडिलांच्या पश्चात बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. कित्येक बहिणी ती सही आनंदाने करतात आणि त्या आनंदाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कित्येकींच्या मनात एक भीती असते. सही केली नाही तर माहेरचे दार बंद होईल, दिवाळीला भाऊबीज होणार नाही, मुलीच्या लग्नात मामा उभा राहणार नाही, ही ती भीती. बंगळूरच्या मुलाखतींत भाऊ-बहिणीचे नाते जिव्हाळ्याच्या यादीत दुसरे होते. तेच नाते सातबाऱ्याच्या यादीत मात्र नकोसे होते. जिव्हाळ्याने जिला कुटुंबात धरले, तिला हिशेबाच्या वेळी कुटुंबाबाहेर ठेवावयाचे, ही विसंगती किती घरांना जाणवते? सही घेण्यापूर्वी ‘तुझ्या मनात काय आहे?’ एवढा एक प्रश्न भावाने एकांतात विचारला आणि उत्तर कोणतेही आले तरी भाऊबीज चुकणार नाही असे आधीच सांगितले, तर त्या सहीचा अर्थ बदलेल. किंबहुना त्यानंतर झालेली सहीच खरी सही म्हणावी लागेल.

दुसरा प्रश्न ज्येष्ठांचा. आई-वडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली केंद्राने कायदा केला. मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर पालनाची जबाबदारी त्याने टाकली आणि न्यायाधिकरणाला दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देवविण्याचा अधिकार दिला. मातृदेवो भव म्हणणाऱ्या देशाला आईच्या जेवणाचा आकडा कायद्यात लिहावा लागला. यावर केवळ खेद व्यक्त करून भागणार नाही. कायदा लक्ष घालतो तो अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांत. म्हाताऱ्या आईला विचारले, की तुला कुटुंबाकडून काय हवे, तर ती बहुधा पैशाचा आकडा सांगणार नाही. ‘संध्याकाळी कोणीतरी दहा मिनिटे जवळ बसावे’ असे ती म्हणेल. हे उत्तर कोणत्याही कलमात बसत नाही. ते ऐकावयाचे तर तिच्याजवळ बसावेच लागते.

घराघरांतील पाहणी

याच कारणासाठी समाजातील तरुणांपुढे एक साधे काम ठेवावेसे वाटण्याजोगे आहे. त्यासाठी पदवीची गरज नाही. एक वही पुरे, आणि सुट्टीतील काही दुपारी. आपल्या घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीपासून आरंभ करावा. लहानपणी घरात एका पंगतीला किती पाने असत? कोण प्रथम जेवत असे आणि कोण शेवटी? चूल वेगळी झाली ती केव्हा, आणि त्या दिवशी घरात काय घडले? संकटात कोण धावून आले? ज्यांचे नाव वंशावळीत नाही, पण ज्यांच्यावाचून घर चालले नसते, असे कोण होते? या शेवटच्या प्रश्नाला अनेकदा एखाद्या आत्याचे, एखाद्या बालविधवा मावशीचे, दुकानातील जुन्या मुनीमजींचे किंवा शेजारच्या परधर्मीय काकांचे नाव उत्तर म्हणून येते. ते अवश्य लिहून घ्यावे.

विचारताना तीन पथ्ये पाळावीत. प्रत्येकास एकटे असताना विचारावे. सुनेला सासूसमोर आणि धाकट्याला थोरल्यासमोर विचारले, तर मिळते ते केवळ शिष्टाचाराचे उत्तर. दुसरे, उत्तर आवडले नाही तरी ते दुरुस्त करू नये. आजी एक सांगेल, आजोबा दुसरे सांगतील. कोणाचे खरे, असा वाद न घालता दोन्ही लिहून ठेवावे. अनेकान्ताची शिकवण बालपणापासून ऐकणाऱ्यांस याचे कारण वेगळे सांगावयास नको. आणि तिसरे, एकाचे सांगणे दुसऱ्याच्या कानावर घालू नये. विश्वासाने सांगितलेले शब्द विश्वासानेच जपावेत.

अशा वह्यांतून कदाचित थोर संशोधन होणार नाही. पण एक गोष्ट निश्चित होईल. ज्या व्यक्तीला गेल्या कित्येक वर्षांत कोणी काही विचारले नव्हते, तिच्यासमोर तिचा नातू वही घेऊन बसेल आणि ती सांगू लागेल. वंशावळीतील नावे पुरुषांची आहेत, मालमत्तेच्या कागदांवरील नावेही बहुतांशी पुरुषांची आहेत. आजीचे माहेरचे नाव, तिचे गाव, तिच्या आईचे नाव किती नातवंडांना सांगता येईल? दोन पिढ्यांपूर्वीचे अर्धे कुटुंब असे विस्मृतीत गेले आहे. सांगणारी माणसे अजून बसलेली आहेत, पण ती फार काळ बसणार नाहीत.

तात्पर्य, कुटुंब कोणास म्हणावे याचे एकच उत्तर ग्रंथांत सापडत नाही. इरावतीबाईंना ते एका चुलीत दिसले, महुव्यात ते दूर गेलेल्या भावांच्या देण्याघेण्यात सापडले, तुळुनाडात बहिणीच्या लेकरांत आणि १८७८ च्या त्या साक्षीदारांना एका विधवेच्या हक्कात. ज्या घरात प्रत्येकाला हा प्रश्न विचारला जातो आणि प्रत्येकाच्या उत्तरात घरातील दुसऱ्या सर्वांची नावे येतात, त्या घराला व्याख्येची फारशी गरज पडत नाही. आज येथून परतल्यावर प्रत्येकाने आपल्या घरातील ज्या व्यक्तीशी सर्वांत कमी बोलणे होते, तिच्याजवळ दहा मिनिटे बसावे आणि विचारावे. उत्तर काय येते, ते ज्याचे त्याने आपल्या मनाशी ठेवावे.